वांगं आपलं, निर्णय कोणाचा?

मैत्रिणींनो, महात्मा फुले मंडईत वांगी निवडताना आपण काय बघतो? देठ हिरवा हवा, भोक नको! त्या भोकातल्या अळीसाठी शेतकरी पुन्हा पुन्हा फवारणी करतो. यावर जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक झाडात घातलं, की ते खाऊन अळीच मरते. ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारी समितीने त्याला मान्यता दिली. पण जाहीर सुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपुरात, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून त्याची लागवड सुरू झाली.

‘राक्षसी वांगं’ म्हणून नुसतं घाबरणं मला पटत नाही. फवारणीचं औषध तरी कुठे अमृत आहे? पण एकदा पाटीत मिसळलं, की बीटी कुठलं नि साधं कुठलं, हे ना भाजीवाल्या मावशी सांगू शकतील, ना आपण ओळखू. चातुर्मासात वांगं सोडायचं की नाही, हे आपण ठरवतो ना? मग हेही आपल्यालाच ठरवता यायला हवं. परवानगी द्यायचीच, तर आधी विक्री वेगळी आणि तसा फलक समोर हवा. पुन्हा कधी सुनावणी झालीच, तर रोज भाजी रांधणाऱ्या आपणही तिथे बोलायला जाऊ या!