मामांचा तोल

मी कलाशाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते. ते पुन्हा उघडायला लावले माझ्या मामांनी.

मामा यंत्रमागावर कामाला होते. दारूच्या थेंबालाही त्यांनी कधी स्पर्श केला नाही. तीन वर्षांपूर्वी ते चालताना झोकांड्या खाऊ लागले, जीभ अडखळू लागली. गल्लीत कुजबुज सुरू झाली, 'सकाळीच घेतली वाटतं!' शेवटी कामही सुटले. पुढे एका डॉक्टरांनी त्यांना आळीपाळीने स्वतःच्या नाकाला आणि डॉक्टरांच्या बोटाला बोट लावायला सांगितले. हात निघताना ठीक होता. बोट जवळ आले तसा थरथरू लागला आणि नेम चुकला. लहान मेंदू झिजत होता. दारूचा अंमलही याच भागावर चढतो, म्हणून चाल सारखी दिसते. गल्लीची चूक तेवढ्यापुरती समजण्यासारखी होती.

'लहान मेंदू' हे नाव मात्र फसवे आहे. वजनाने तो साऱ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण 2009 मध्ये सुझाना हर्कुलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी 6,900 कोटी येथेच निघाल्या! त्यांतल्या झाडासारख्या फांदारलेल्या पेशींना, 1837 मध्ये त्यांचे वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञावरून, पुर्किन्ये पेशी म्हणतात. प्रत्येकीवर लाखाच्या घरात बारीक तंतू येऊन टेकतात, आणि दुसऱ्या जातीचा एकच तंतू तिला वेलीसारखा विळखा घालतो.

माझी आई विड्या वळते, तेही टीव्हीकडे पाहत. मी शिकायला बसलो तेव्हा कधी तंबाखू जास्त, कधी दोरा सैल. पहिल्या दिवशीच्या साऱ्या विड्या छाटात गेल्या. 'चुकले' ही वार्ता तो वेलीसारखा तंतू आणतो असे मानतात. मग पुढे काय होते? डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये तर्क केला की अशा वेळी बारीक तंतूंची जोडणी बळकट होत असावी. जेम्स अल्बस यांनी 1971 मध्ये उलट मांडले, ती दुबळी होते. जपानचे मासाओ इतो यांनी 1982 मध्ये प्रयोगाने अल्बस यांची बाजू खरी ठरवली. म्हणजे हात बसतो तो काही जोडण्या दबल्यामुळे! मला तरी हे अजून नवलाचे वाटते. (2011 मध्ये मात्र ही दुबळे होण्याची क्रिया बंद पाडलेले उंदीरही नीट शिकताना आढळले, तेव्हा वाद मिटलेला नाही.)

तंतूच्या टोकातून ग्लुटामेट नावाचे रसायन सुटते आणि समोरच्या पेशीवरचे ग्राही ते टिपतात. जोडणी दुबळी होते, कारण पेशी आपले काही ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेते. त्यासाठीचा इशारा एमग्लुआर-1 हा वेगळा ग्राही देतो. 1994 मध्ये तो ग्राही नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा ते झोकांड्या खात चालू लागले. 2000 मध्ये तर असे रुग्ण नोंदले गेले, ज्यांच्या स्वतःच्याच शरीराने याच ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती आणि त्यांचा तोल गेला होता.

ग्लुटामेटचे सोंग घेणारे विषही असते. विदर्भात पिकणाऱ्या लाखोळीच्या डाळीत ते आहे. दुष्काळात महिनोन्महिने तीच डाळ खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. तेथे मार खातात त्या पायांना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी, लहान मेंदू नव्हे. पण घाव ग्लुटामेटच्या ग्राहींवरूनच बसतो.

मामांच्या दुखण्याचे मूळ डॉक्टरांना अजून सापडलेले नाही. व्यायाम चालू आहेत. परवा ते भिंत धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. दुकानदार हसला, तेव्हा मामांनी खिशातून डॉक्टरांचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. तो कागद ते हल्ली नेहमी जवळ बाळगतात.