सागरतीरी विसावा : भाड्याच्या घराची निवड कशी करावी?

उत्तरेस तेरेखोल नदीच्या मुखापासून दक्षिणेस पोळ्यापर्यंत पसरलेला गोव्याचा समुद्रकिनारा हा केवळ परदेशी प्रवाशांचे आकर्षण राहिलेला नाही. एके काळी गोव्यात येणारी मराठी कुटुंबे देवदर्शनासाठी येत आणि देवस्थानाच्या अग्रशाळेत किंवा नातलगांकडे उतरत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. २०२३ च्या जानेवारीपासून मोपा येथील विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. बेळगावकडून चोर्ला व अनमोड या दोन घाटांनी येणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. आता अनेक कुटुंबे चार-आठ दिवसांसाठी समुद्राजवळचे एखादे घर भाड्याने घेतात, स्वतः स्वयंपाक करतात आणि निवांतपणे राहतात. किनाऱ्यावरील अनेक ग्रामस्थांच्या दृष्टीने हे उत्पन्नाचे एक साधन झाले आहे.

मात्र घराची निवड बहुधा छायाचित्रातील देखावा पाहून केली जाते. माडांच्या झावळ्यांतून दिसणारा समुद्र सर्वच घरांच्या छायाचित्रांत सारखाच सुंदर दिसतो. विसावा लाभेल की नाही हे मात्र घर कोणत्या भूमीवर उभे आहे, त्यास पाणी कोठून येते आणि त्याची कागदपत्रे कशी आहेत, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत. त्या विचारून घ्याव्या लागतात.

किनाऱ्याची ओळख

गोव्याचा किनारा सर्वत्र एकसारखा नाही. बार्देश तालुक्यातील शिकेरी, कांदोळी, कळंगुट व बागा हा सलग वाळूचा पट्टा सर्वांत गजबजलेला आहे. येथे दुकाने, उपाहारगृहे व वाहने हाताशी मिळतात, परंतु शांतता मिळणे कठीण. हणजूण व वागातोर येथे खडकाळ कडे असून समुद्राकडे उतरण्यासाठी चढ-उतार करावा लागतो. वृद्ध माणसे बरोबर असल्यास ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पेडणे तालुक्यातील मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल व केरी हे किनारे एकामागून एक येतात. सासष्टी तालुक्यात बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी अशी गावे एका सरळ, रुंद पुळणीवर वसलेली आहेत. या किनाऱ्यावर लांबवर पायी फिरता येते. काणकोण तालुक्यातील आगोंद, पाळोळे, पाटणे व राजबाग हे डोंगरांच्या कुशीतील लहान लहान उपसागर आहेत.

ज्या कुटुंबास बाजारपेठेची जवळीक हवी त्याने काणकोणच्या टोकाला जाणे, किंवा ज्यास निवांतपणा हवा त्याने बाग्यात उतरणे, म्हणजे घर चांगले असूनही प्रवास वाया घालविण्यासारखे आहे. खुल्या जागी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वाजविण्यास नियमाने बंदी आहे. तरीही घराच्या शेजारी नृत्यगृह किंवा मद्यालय आहे काय, हे स्पष्टपणे विचारावे.

ऋतूचा विचार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवामानाच्या दृष्टीने सर्वांत सुखावह असतो. नाताळ व नववर्ष यांच्या सुमारास भाडी कमालीची वाढतात. जानेवारीच्या उत्तरार्धात तीच घरे पुष्कळदा बऱ्याच कमी दरात मिळतात. शाळांच्या सुट्टीमुळे अनेक कुटुंबे मे महिन्यात येतात. त्या वेळी उकाडा तर असतोच, शिवाय विहिरींची पातळी वर्षातील सर्वांत खाली गेलेली असते. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो व पोहणे धोक्याचे असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीस बंदी असल्याने ताजी मासळीही कमी मिळते. मात्र ज्यांना पाण्यात उतरायचे नसून हिरवीगार शेते व पाऊस पाहावयाचा आहे, त्यांनी पावसाळ्यातच यावे. अशा वेळी छप्पर गळते काय, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था आहे काय, आणि रस्ता पाण्याखाली जातो काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय घर ठरवू नये.

भरती, ओहोटी आणि सुरक्षितता

समुद्राला दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची वेळ मिळते, असा ठोकताळा कोकणात रूढ आहे. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहा वाजता आणि एकादशीस सव्वाआठला. सुमारे सहा तासांनी ओहोटी येते. हा हिशेब स्थूल आहे, तरी किनाऱ्यावर फिरण्याची वेळ ठरविण्यास तो पुरेसा आहे. शिक्षकांना मुलांकडून तो सहज करवून घेता येईल.

समुद्राच्या अगदी काठावरील घर घेताना उधाणाच्या भरतीचे पाणी कोठवर येते, हे गावातील माणसास विचारावे. घर व समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्या असतील आणि त्यांवर मर्यादवेल पसरलेली असेल, तर ते घर अधिक सुरक्षित समजावे. वादळी लाटांचा जोर प्रथम या टेकड्या झेलतात. समुद्र अधिक दिसावा म्हणून जेथे त्या सपाट केल्या आहेत, तेथील देखावा मोठा असला तरी आधार नाहीसा झालेला असतो.

गोव्यात २००८ पासून प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या निशाणांमधील भागातच पाण्यात उतरावे. लाल निशाण असल्यास उतरू नये. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जो पट्टा शांत व गडद दिसतो, तेथेच पुष्कळदा पाणी आत ओढून नेणारा प्रवाह असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजत राहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे. घराजवळच्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत काय, ही चौकशी मुलांना घेऊन येणाऱ्यांनी अवश्य करावी.

पाण्याचा प्रश्न

किनाऱ्यावरील वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते व खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते वजनाने हलके असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर तिच्याखाली ढोबळमानाने चाळीस फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो. उलटपक्षी, बेसुमार उपशामुळे वरची पातळी एक फूट उतरली, तर खालून खारे पाणी कालांतराने तितक्याच प्रमाणात, म्हणजे चाळीस फुटांपर्यंत वर सरकते. विहीर एकदा खारट झाली की ती पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो.

या पार्श्वभूमीवर खासगी जलतरण तलाव असलेल्या घरांकडे पाहावे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व दीड मीटर खोल अशा तलावास पंचाहत्तर हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने ते आणावयाचे झाल्यास साडेसात टँकर होतात. हे पाणी कोणाच्या विहिरीतून येते, हा प्रश्न पाहुण्याने विचारला तर तो अनुचित ठरू नये. शेजारची विहीर आटवून मिळणारा विसावा फार काळ टिकणारा नाही. नळाचे पाणी किती वेळ येते, विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे काय, आणि मलटाकी विहिरीपासून पुरेशी दूर आहे काय, हेही पाहावे. जांभ्या दगडाच्या व वाळूच्या भूमीतून सांडपाणी लवकर झिरपते.

नोंदणी आणि बांधकामाचे नियम

गोव्यात पर्यटकांना राहण्यासाठी जागा देणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे व्हावी लागते. भाड्याने दिलेले घर लहान आहे म्हणून ते यातून सुटत नाही. पाहुण्याने नोंदणी क्रमांक मागावा आणि मालकाने तो आपण होऊन सांगावा. नोंदणी झालेल्या घराविषयी तक्रार उद्भवल्यास दाद मागण्याची जागा असते. नोंदणी नसलेल्या घराच्या बाबतीत पाहुणा एकटा पडतो.

किनारी बांधकामावर १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने नियमन आले. २०११ व २०१९ साली तिच्या जागी नव्या अधिसूचना निघाल्या. भरतीरेषेपासून सामान्यतः पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा या नियमनाखाली येतो. भरती पोहोचते त्या नद्यांच्या काठांनाही ते लागू आहे. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेलगतच्या दोनशे मीटरांत, ठरावीक अपवाद वगळता, नव्या बांधकामास मनाई आहे. मच्छीमारांची जुनी घरे ही वेगळी बाब आहे. परंतु अगदी पुळणीवर उभी राहिलेली नवी कोरी इमारत पाहून शंका येणे योग्यच होय. अशा बांधकामास टाळे लागल्यास आगाऊ पैसे भरून आलेले कुटुंब रस्त्यावर येते.

मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाच्या रोखाने समुद्राकडे जातात. घरांच्या प्रखर दिव्यांमुळे त्यांची दिशा चुकते. या गावांत उतरणाऱ्यांनी समुद्राकडील दिवे रात्री मालवावेत आणि वाळूत वाहन नेऊ नये.

व्यवहार करताना

अलीकडे अस्तित्वात नसलेल्या किंवा दुसऱ्याच्याच मालकीच्या घराची छायाचित्रे दाखवून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. दर आश्चर्यकारक रीतीने कमी असेल आणि पूर्ण रक्कम ताबडतोब भरण्याची घाई केली जात असेल, तर सावध व्हावे. दूरध्वनीवरून चलचित्राद्वारे घर, अंगण व समोरचा रस्ता दाखविण्यास सांगावे. बँक खात्यावरील नाव मालकाच्या किंवा नोंदणी झालेल्या संस्थेच्या नावाशी जुळते काय, हे पाहावे. प्रथम थोडीच रक्कम द्यावी व तिची पावती घ्यावी. अनामत किती, ती केव्हा परत मिळेल, बेत रद्द झाल्यास किती रक्कम कापली जाईल आणि वीज, साफसफाई व वाहन यांचे पैसे निराळे आहेत काय, हे लेखी घ्यावे. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवावे तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

घरात पाऊल ठेवल्यावर

घर जुन्या वळणाचे असेल तर ते बहुधा हवामानास अनुरूप असते. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलांचे उंच छप्पर आणि दर्शनी भागातील बसण्याचे बाल्कांव यांमुळे दुपारीही गारवा राहतो. चारी बाजूंनी काचा असलेले घर समुद्र अधिक दाखविते, परंतु वातानुकूलन यंत्राशिवाय तेथे राहता येत नाही. पोहोचल्याबरोबर नळ, दिवे, दारांच्या कड्या, खिडक्यांच्या जाळ्या व स्वयंपाकाचा गॅस तपासावा आणि उणिवा मालकास त्याच दिवशी सांगाव्यात. समुद्राकडे जाणारी पायवाट कोणती, हेही विचारून घ्यावे. कोणाच्या अंगणातून किंवा शेताच्या बांधावरून वाट काढू नये.

ग्रामस्थांची भूमिका

घर भाड्याने देणाऱ्या ग्रामस्थाने समुद्र दहा मिनिटांच्या अंतरावर असेल तर दहा मिनिटेच सांगावीत. मे महिन्यात पाणी मोजून वापरावे लागत असेल तर तेही आधी सांगावे. खरे ऐकून आलेला पाहुणा कुरकुर करीत नाही व पुढील वर्षी पुन्हा येतो. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्यासाठी दोन डबे व एक सूचना पुरेशी आहे. किनारपट्टीतील कचऱ्यावर प्रक्रिया करण्यासाठी साळगाव येथे २०१६ पासून प्रकल्प चालू आहे, परंतु घरातच वर्गीकरण झाले नाही तर तेथील काम कठीण होते. गावात नव्या विहिरींवर किती भार पडावा आणि टेकड्या कशा राखाव्यात, हे विषय ग्रामसभेत मांडण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे.

पाहुणा चार दिवसांनी परत जातो, विहीर व पुळण मात्र गावाकडेच राहते. नोंदणी झालेले, पाण्याचा हिशेब सांभाळणारे, भरतीरेषेचा मान राखणारे घर पाहुण्याने निवडले, तर असे घर चालविणाऱ्या मालकास बळ मिळते. नियम मोडून समुद्राच्या आणखी जवळ सरकण्याचा मोहही त्यामुळे कमी होतो. चांगल्या घराची निवड ही म्हणूनच केवळ एका कुटुंबाच्या सोयीची बाब नाही, तर किनाऱ्याच्या जतनाचाही तो एक भाग आहे.