डॉल्फिन दिसला की सगळे एकाच बाजूला?

कोल्हापुरातनं फोंडा घाट उतरला की मालवण, आणि ग्रुप म्हटल्यावर बोट आलीच. पण २४ मे २०२२ आठवतोय? तारकर्लीत स्कूबाला गेलेली बोट उलटली. बोटीत २० पर्यटक, त्यातले दोघं गेले.

बोट उलटते कशी? समजा डॉल्फिन दिसला. सगळे मोबाईल काढून एकाच कडेला! वजन तिकडं गेलं की बोट कलते. त्यात उभं राहिलात तर भार वर सरकतो, मग एक आडवी लाटही पुरते. म्हणून भावा, बसूनच बघ. लाइफ जॅकेट बकल लावून अंगात हवं. सीटखालचं जॅकेट बुडताना कोण शोधणार? रंकाळ्यातल्या बोटिंगवरनं समुद्राचा अंदाज बांधू नका. मेअखेरीला वारा फिरतो. तांडेल ‘नको’ म्हणाला तर घासाघीस नको, किनाऱ्यावर सोलकढी प्यायची.