नवा सल्ला-व्यवसाय आणि अनिश्चिततेचा ताण

नोकरीत ठरल्या तारखेला पगार होतो. स्वतंत्र सल्ला-व्यवसायात तसे नसते. करसल्लागार असो, इमारतींची डिझाईन करणारा इंजिनिअर असो, की कारखान्यांना यंत्रांविषयी सल्ला देणारा तंत्रज्ञ. सुरुवातीला पुढचे काम कधी मिळेल आणि झालेल्या कामाचे पैसे कधी हाती पडतील, याचा नेम नसतो. अशी तरुण मंडळी माझ्याकडे येतात ती पित्त, छातीतली धडधड, आखडलेली मान किंवा पहाटे तीनला येणारी जाग या तक्रारी घेऊन. ईसीजी, रक्तातील साखर, थायरॉईड तपासून सारे ठीक निघाले, की मी विचारतो, "सध्या कामाचे कसे चालले आहे?" मग खरे दुखणे बाहेर येते.

असे का होते? धोका जाणवला की मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात. नाडी वाढते, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. धोका टळला की शरीर पूर्ववत होते. अनिश्चिततेचा धोका मात्र टळतही नाही आणि कोसळतही नाही.

२०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ४५ जणांवर एक प्रयोग केला. संगणकावरील दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण 'बसेल किंवा न बसेल' अशा निम्म्या शक्यतेला आढळला. गंमत म्हणजे, ज्यांचा ताण अनिश्चिततेप्रमाणे कमी-जास्त होत होता, त्यांचे अंदाजही अधिक बरोबर ठरले. म्हणजे थोडा ताण उपयोगाचाच असतो. तो सतत राहू नये, एवढेच पाहायचे.

त्यासाठी काही गोष्टी सांगतो.

१) जे नक्की करता येईल ते नक्की करा. शिल्लक किती आणि घरखर्च किती, हे वहीत मांडा. 'पैसे पुरतील का?' या प्रश्नाने झोप उडते. 'पाच महिने पुरतील' या उत्तराने निदान विचार करता येतो. कामाच्या अटी लेखी घ्या, काही रक्कम आगाऊ मागा. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु व्यावसायिकांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे.

२) काळजीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी वीस मिनिटे बसून सर्व चिंता लिहा व प्रत्येकीपुढे उद्याचे एक काम लिहा. रात्री विचार आला की 'तो वहीत आहे' असे मनाला सांगावे.

३) 'बघून सांगतो' म्हणायला लाजू नका. सल्लागाराला सारे तोंडपाठ असलेच पाहिजे, ही भीती नव्या माणसाला फार पोखरते.

४) आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. झोपेसाठी दारू घेऊ नका. तिने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री मोडते.

घरच्यांनाही एक विनंती. 'अमक्याचा मुलगा बघा, कसा नोकरीत स्थिरावला' हे वाक्य जेवणाच्या ताटावर नको.

एक सावधगिरी मात्र हवी. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसल्यास 'टेन्शनने होत असेल' म्हणून घरी थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. उदासी, निद्रानाश, कशातच रस नसणे असे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा शासनाचा 'टेलिमानस' क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

व्यवसायाचा जम बसायला लागेल तेवढा काळ लागेलच. तोवर झोप, जेवण आणि चालणे यांचा नेम तरी आपल्या हाती ठेवावा.