टकटक करणाऱ्या जिप्सीची गोष्ट

पोट्टे हो, बसा असे जवळ. पण त्या बॅटरीपासून दोन हात लांब बसा. का, ते पुढे येईलच.

ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा मोहर्लीतल्या कितीतरी जिप्स्या पत्र्याखाली नुसत्या उभ्या असतात. ऑक्टोबरात फाटक उघडायची वेळ आली की गावभर सेल्फ मारल्याचे आवाज येतात. काही गाड्या पहिल्याच सेल्फला उठतात, काही कुंथत उठतात, तर काही नुसत्याच टकटक करतात. तुमच्या काकाची ही जुनी कार्बोरेटरवाली गाडी टकटक करणाऱ्यांतली. काका म्हणतो, बॅटरी गेली, नवी आणतो. मी म्हटलं, थांब गा, आधी चौकशी करू, मग शिक्षा.

चौकशी कानापासून सुरू होते. सेल्फ मारल्यावर मोटर फिरते, इंजिनही फिरतं, पण पेट घेत नाही, तर बॅटरीचं नाव घ्यायचं नाही. पेट्रोल आणि ठिणगी बघायची. एकदाच ‘टक’ वाजलं आणि हेडलाइट जराही मंदावले नाहीत, तर वीज सेल्फच्या मोटरपर्यंत पोचलेलीच नाही. सोलेनॉइडचे संपर्क झिजले असतील किंवा मोटरचे कार्बन ब्रश. आणि आपल्यासारखं ‘टकटकटक’ होऊन दिवे विझू विझू झाले, तर गोष्ट मजेदार आहे.

सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं. त्यात वीज गेली की ते लोहचुंबक होतं, लोखंडी दांडा ओढतं आणि मोटरचा मोठा संपर्क जोडतं. मोटर एकदम एवढी वीज मागते की व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज कोसळलं की चुंबकाची शक्ती जाते आणि दांडा सुटतो. दांडा सुटला की मोटरची मागणी थांबते, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि चुंबक पुन्हा दांडा ओढतो. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. ही टकटक म्हणजे गाडीची तक्रार आहे : वीज आहे, पण पुरत नाही.

आता धाकटी विचारते, ‘आजोबा, हॉर्न तर जोरात वाजतो. मग वीज कमी कशी?’

चांगला प्रश्न आहे. हॉर्नला चार-पाच अँपिअर लागतात. अशा छोट्या गाडीच्या सेल्फला शंभर-दीडशे लागतात. वाटेत एखादा सांधा गंजला आणि त्याचा अडथळा समजा ०.०२ ओहम झाला. हॉर्नचे ५ अँपिअर त्यातून जाताना ५ गुणिले ०.०२ म्हणजे ०.१ व्होल्ट खर्च होतो. कोणाला कळणारही नाही. सेल्फचे १५० अँपिअर जाताना मात्र १५० गुणिले ०.०२, म्हणजे पुरे ३ व्होल्ट त्या गंजातच गरम होऊन संपतात. म्हणून हॉर्न वाजतो यावरून बॅटरी चांगली आहे असं ठरवायचं नाही, आणि सेल्फ फिरत नाही यावरून बॅटरी मेली असंही नाही.

मग मीटर घेतला. आधी बॅटरीच्या दोन खांबांवर लावला, तर १२.२ व्होल्ट. रात्रभर शांत राहिलेली भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. मग मीटरची एक सळी मायनसच्या खांबावर आणि दुसरी चॅसिसच्या कोऱ्या लोखंडावर ठेवली आणि काकाला सेल्फ मारायला सांगितलं. सांधा धड असता तर काटा जवळपास शून्यावर राहिला असता. इथे तो दोन व्होल्टच्या वर थरथरला. सापडला चोर! मायनसची वायर चॅसिसला जिथे बोल्टने आवळली आहे, तिथे पावसाळ्याच्या ओलीने गंज चढला होता. यात गाडीचा दोष नाही, बॅटरीचाही नाही.

काकाने वायर सोडवली, बोल्ट आणि लोखंड पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसत होती ना, ती बुरशी नव्हे. आम्लाने धातू खाऊन बनवलेला क्षार आहे तो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ओतला की तो फसफसून निघून जातो. एक नेम मात्र पक्का ठेवा : सोडताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. गाडीचं सगळं अंग मायनसला जोडलेलं असतं. मायनस जागेवर असताना प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

आता राहिली अर्धी उतरलेली बॅटरी. तिला चार्जिंगला लावलं आहे, आणि तुम्हाला लांब बसवलं ते याचसाठी. चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचे दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. त्यांना विडीची ठिणगीही पुरते. म्हणून दुसऱ्या गाडीवरून वायर लावतानासुद्धा शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला लावायचा नाही. तिच्यापासून दूर, इंजिनच्या लोखंडाला लावायचा.

या पेटीत वीज भरलेली नसते रे. भरलेलं असतं शिसं. सहा खण, प्रत्येक खणात साधारण २.१ व्होल्ट. एका पाटीवर करड्या रंगाचं सच्छिद्र शिसं, दुसरीवर तपकिरी शिशाचा डायऑक्साइड, आणि मध्ये पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक आम्ल. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे गुंडाळून आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता. पुढे गाड्या आल्या त्या हँडल मारून चालू व्हायच्या, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ बनवला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत तो आला. त्या दिवसापासून शिशाची पेटी गाडीत मुक्कामाला आली.

वीज घेतली की दोन्ही पाट्यांवर शिशाचा सल्फेट तयार होतो आणि आम्ल पातळ होत जातं. म्हणून मिस्तरी काचेच्या नळीतल्या तरंग्याने प्रत्येक खणातल्या आम्लाची घनता बघतो. भरलेल्या बॅटरीत ती साधारण १.२५ ते १.२८ असते, पार उतरलेलीत १.१२ च्या आसपास. पाच खण सारखे आणि एकच फार खाली असेल, तर तो खण मेला आणि मग बॅटरी खरंच बदलायची. आपले सहाही खण सारखेच खाली आहेत. म्हणजे ती मेलेली नाही, उपाशी आहे.

उपाशी ठेवणं मात्र वाईट. ताजा सल्फेट पिठीसाखरेसारखा बारीक असतो, चार्ज केला की परत विरघळतो. बॅटरी महिनोन्महिने उतरलेली राहिली की त्याचे मोठे कडक स्फटिक होतात, पिठीसाखरेची खडीसाखर व्हावी तसे, आणि मग ते चार्जरलाही दाद देत नाहीत. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर बॅटरी भरून, मायनस सोडून, वरचा ओला मळ पुसून ठेवायची, आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करायची.

मोठा विचारतो, ‘मग बॅटऱ्या हिवाळ्यातच काऊन बसतात?’ बसतात हिवाळ्यात, पण मार खातात उन्हाळ्यात. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो आणि बॉनेटखाली त्याहून जास्त. पाणी उडतं, पाट्यांची जाळी गंजते. थंडीत आतली क्रिया मंदावते, इंजिनचं ऑइल दाट होतं, आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान तेव्हा उघडं पडतं. उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं. म्हणून वरून ॲसिड ओतायचं नाही, डिस्टिल वॉटरच टाकायचं. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आणि लोह पाट्यांना खातात.

आणि धक्का? आलापल्लीकडून भामरागडला जाणाऱ्या जुन्या डिझेल जीपचा चालक सेल्फ बिघडला तर गाडी उतारावरच लावतो. डिझेल दाबानेच पेटतं. पंप इंजिनवर फिरणारा असेल तर चाक फिरलं की गाडी चालू. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते आणि ठिणगीला थोडी तरी वीज लागते. बॅटरी पार कोरडी असेल तर गावभर धक्का मारून घाम तेवढा निघेल.

आता खरी नवलाची गोष्ट. शिसंच का? आवर्तसारणीत शिशाच्या डोक्यावर कथील बसलं आहे, स्वभावाने त्याचं सख्खं भावंड. मग कथलाची बॅटरी का नाही? २०११ साली स्वीडनमधल्या उप्साला आणि फिनलंडमधल्या हेलसिंकी इथल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. त्यांत आपल्या देशातून तिकडे गेलेले राजीव आहुजा होते आणि पेक्का प्यूक्को होते. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात, कथलाच्या ५०. ८२ प्रोटॉनची ओढ एवढी जबर की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास साठ टक्के वेगाने धावतात, म्हणजे सेकंदाला पावणेदोन लाख किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगाला आइन्स्टाइनचा १९०५ सालचा सापेक्षतेचा नियम लागू होतो. त्याने इलेक्ट्रॉनांची काही घरं केंद्राकडे आकसतात, अगदी बाहेरच्या थरातल्या एका जोडीचं घरसुद्धा. तपकिरी पाटीवरच्या शिशाने नेमकी हीच जोडी गमावलेली असते, म्हणून ती परत मिळवायला ते आसुसलेलं असतं. त्या ओढीतून व्होल्टेज येतं. हिशेब असा निघाला की खणाच्या २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट या परिणामामुळे आहेत. सहा खण धरले तर बारापैकी दहा व्होल्ट! सापेक्षता नसती तर काकाचा सेल्फ गुरगुरलाही नसता.

चार्ज झाली बॅटरी. जोडा, आणि गाडी चालू झाली की लगेच पुन्हा मीटर लावा. १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर तिला जेवू घालतोय. बाराच्या आसपासच राहिलं, तर ती उद्या पुन्हा उपाशी, आणि दोष पट्ट्याचा किंवा अल्टरनेटरचा.

कधीतरी ही बॅटरी खरंच मरेल. तेव्हा ती फोडून शिसं काढायला कोणाला द्यायची नाही, ॲसिड नाल्यात ओतायचं नाही. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायची; २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन तिचा पुनर्वापर करवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. शिसं वितळवून कितीही वेळा नव्या पाटीत घालता येतं, पण पोटात गेलं की लहान पोरांच्या मेंदूवर घाला घालतं. आपल्या पलीकडेच इरई धरणाचं पाणी आहे आणि तेच चंद्रपूर शहर पितं. चला, उठा, साबण लावून हात धुवा. बॅटरीच्या हाताने भाकर तोडायची नाही.