घुरघुर कफाची की दुधाची?

तान्ह्या बाळाची छाती घुरघुरली की घरात आधी दुधावर संशय जातो. आईने दही खाल्लं, म्हणून बाळाला कफ झाला, असा निकाल आजी देऊन मोकळी होते. बहुतेकदा दोषी असतं ते साधं सर्दी-पडसं. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्या चिंचोळ्या वाटेत थोडा शेंबूड अडकला, तरी आवाज छातीतून आल्यासारखा वाटतो.

दुधाची खरी अ‍ॅलर्जी म्हणजे केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन अशा प्रथिनांवर शरीराने पुकारलेलं युद्ध. ती एकट्या श्वासावर क्वचितच येते. त्वचा किंवा पोट बहुधा सोबत असतं. म्हणून छातीला कान लावण्याआधी बाळाचं अंग पाहावं आणि घड्याळही. वरचं दूध पाजल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली आणि मग खोकला, शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, तर दुधावरचा संशय रास्त आहे. आवाज घोगरा झाला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा बाळ मलूल पडलं, तर १०८ला फोन करावा. अशा वेळी तातडीचं औषध म्हणजे मांडीत टोचायचं अ‍ॅड्रेनलिन. घरातलं अ‍ॅलर्जीचं सिरप त्याची जागा घेत नाही.

दुसरा प्रकार संथ. तो तासा-दिवसांनी उमटतो, बहुधा शीतून पडणाऱ्या रक्तातून किंवा चिघळणाऱ्या इसबातून. यातलाच एक अतिदुर्मीळ आजार डॉ. हायनर आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली नोंदवला: हटता हटत नाही असा खोकला, एक्स-रेत डाग, रक्त कमी. दूध बंद केलं की फुप्फुसं निवळतात.

आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे गाईचं सोसत नाही तर म्हशीचं, नाहीतर शेळीचं. हा उपाय चुकीचाच, कारण या दुधांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेक बाळांना तोच त्रास होतो.

अंगावरचं दूध मात्र तोडू नये. संशय पक्का वाटला तर डॉक्टर आईलाच दोन ते चार आठवडे दूध, दही, पनीर बंद करायला सांगतात, आणि मग ते पुन्हा सुरू करून पाहतात. नुसतं बंद करून बरं वाटलं, एवढ्यावर निदान होत नाही. बाळाला आधी जोराचा त्रास झाला असेल, तर ही परीक्षा दवाखान्यातच.