परवाना मिळतो, नेम कोण शिकवणार?

भात पिवळे पडू लागले की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरपायथ्याच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. भीमाशंकरच्या कड्याखालील खांडस परिसर असो, माथेरानच्या उतारावरील वाड्या असोत किंवा पाताळगंगेच्या खोऱ्यातील शेते असोत, दाणा भरण्याच्या सुमारास रानडुकरांचा कळप एकदा शिरला की चार महिन्यांचे कष्ट एका रात्रीत मातीमोल होतात. डुक्कर खाते त्यापेक्षा तुडवते अधिक. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने दिलेले सुधारित वाण असो वा घरचे जुने बियाणे, त्याच्या लेखी फरक नसतो. मग माळ्यावर बसलेला शेतकरी डबे वाजवतो, फटाके लावतो, आणि एखाद्या घरी परवान्याची बंदूक असेल तर तिची आठवण निघते.

ही बंदूक चालवण्यास परवानगी कोण देतो, यावर आजवर बरीच चर्चा झाली आहे. गोळी जनावराच्या अंगावर नेमकी कोठे बसली पाहिजे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक तो केवळ भूतदयेचा प्रश्न नाही. पोटात किंवा मागच्या पायात छर्रे घेऊन झुडपात दडलेले रानडुक्कर दुसऱ्या दिवशी ज्याच्या समोर येते, तो बहुधा बंदूकवाला नसतो. सकाळी मोळीसाठी गेलेली बाई किंवा कापणीला उतरलेला मजूर त्याच्या वाटेत येतो. जखमी नराचे सुळे माणसाची मांडी फाडू शकतात, आणि तेथील मोठी रक्तवाहिनी तुटली तर रुग्णालयात पोहोचण्याइतकाही अवधी उरत नाही.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीवर बंदी आहे. कलम ११ हा त्यास अपवाद. जनावर माणसाच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. पिकाच्या नुकसानीचे कारण अनुसूची १ मधील प्राण्यांना लागू होत नाही. रानडुक्कर पूर्वी अनुसूची ३ मध्ये होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली व ते अनुसूची २ मध्ये आले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्याबाबतचे हे अधिकार वनक्षेत्रपालाच्या पातळीपर्यंत खाली आणले, जेणेकरून शेतकऱ्यास मुंबई-नागपूरचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. मारलेले जनावर कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस वाटून घेणे हा गुन्हा आहे, आणि अनेक प्रकरणे नेमकी येथेच अंगाशी येतात.

बंदुकीच्या बाजूने पाहिले तर शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. कोकणातील जुन्या घरांत आढळणारी बंदूक हीच, किंवा फार तर बारा बोअरची. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु बंदूक सुरक्षित धरता येणे आणि काळोखात हलणाऱ्या जनावरास एका बारात ठार करता येणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

नेमाचे शास्त्र

या विद्येचा तपशीलवार अभ्यास झाला आहे तो उत्तर अमेरिकेत, एल्क या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीच्या निमित्ताने. (युरोपात एल्क म्हणजे मूस, तो प्राणी वेगळा.) एल्कचा नर तीनशे किलोच्या पुढे जातो, आपल्याकडील त्याचा जवळचा नातलग म्हणजे सांबर, ज्याच्या शिकारीचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शिकारीचा परवाना मागणाऱ्या नवख्यास अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि त्यातील महत्त्वाचा धडा म्हणजे जनावराच्या चित्रावर हृदय व फुप्फुसे कोठे आहेत ते ओळखणे. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यास दर वर्षी नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जर्मनीतील शिकारी परीक्षा तर इतकी अवघड, की तेथे तिला गमतीने ‘हिरवी मॅट्रिक’ म्हणतात.

या सर्वांच्या शिकवणुकीचा गाभा एकच. जनावर पूर्ण आडवे उभे असावे आणि गोळी छातीच्या पिंजऱ्यात जावी. पुढच्या पायाच्या मागील कडेने वर एक रेघ कल्पावी. शरीराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ ती रेघ जेथे येते, तेथे हृदयाचा वरचा भाग आणि दोन्ही फुप्फुसे असतात. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही क्षणांत शुद्ध हरपते. तरीही जनावर जागच्या जागी कोसळेलच असे नाही. ते पन्नास-शंभर मीटर धावून पडते. नवखा माणूस येथेच फसतो. बार फुकट गेला असे समजून तो घरी परततो किंवा घाईने दुसरा बार टाकतो.

डोक्यावर नेम धरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण मेंदूत गोळी गेली की मृत्यू तत्काळ येतो. परंतु मेंदू आकाराने लहान, कवटीच्या मागच्या बाजूस खोल, आणि डोके हा शरीराचा सर्वांत अधिक हलणारा भाग. बोटभर चूक झाली की जबडा फुटतो. असे जनावर त्या रात्री निसटते आणि पुढे खाता न आल्याने दिवसेंदिवस झुरून मरते. छातीवरील नेमात थोडी चूक पोटात घेतली जाते, डोक्यावरील नेमात नाही.

रानडुकराबाबत मात्र हरणाचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. एल्कच्या छातीतील मर्मस्थानाची जागा सुपाएवढी मानली, तर डुकराची ताटलीएवढी भरेल. त्याचे हृदय खाली आणि पुढे, जवळजवळ दोन पुढच्या पायांच्या मध्ये असते. फुप्फुसेही हरणाच्या मानाने पुढे सरकलेली असतात, त्यामुळे वीतभर मागे गेलेली गोळी थेट यकृतात किंवा जठरात शिरते. पाठीवरील राठ केसांची आयाळ आणि मणक्याची उंच टोके यांमुळे जनावर दिसते त्याहून उंच भासते. दिसणाऱ्या उंचीच्या मध्यावर नेम धरला तर गोळी फुप्फुसांच्या वर, कण्याच्या आसपास जाते. प्रौढ नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट जाड थर असतो. नरानरांच्या झुंजीत सुळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून निसर्गाने दिलेली ही ढालच होय. हलके छर्रे तेथे अडकतात आणि जनावर केवळ चिडते.

जनावर तिरके, पाठ अर्धी आपल्याकडे करून उभे असेल, तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या दिशेने गोळी जाईल असा नेम धरावा, असे सांगितले जाते. माळ्यावरून खाली बार टाकतानाही हाच विचार कामी येतो: गोळी शिरते कोठे यापेक्षा ती छातीतून जाऊन निघते कोठे, हे पाहावे लागते, म्हणून नेम किंचित वर येतो. माळ्याचा एक मोठा फायदा असा, की चुकलेली गोळी मातीत जाते. सपाटीवरून टाकलेल्या बारामागे कोणाचे घर आहे हे अंधारात दिसत नाही; आणि कर्जत-खालापुरात आता शेताच्या कडेला शनिवार-रविवारी दिवे लागणारी फार्महाऊस आहेत, रात्रीची चढाई करणारे गिर्यारोहक आहेत.

थेट समोरून येणारे, सरळ पाठमोरे, धावणारे किंवा कळपात एकावर एक आलेले जनावर, या चारही प्रसंगी बार टाकू नये असा दंडक सांगितला जातो. आता तो आपल्याकडील परिस्थितीस लावून पाहावा. येथील बंदूक गुळगुळीत नळीची. तिच्या छऱ्र्यांचा भरवसा फार तर पंचवीस-तीस मीटरपर्यंत. ठासणीची असेल तर दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर ओढ्यापार गेलेले असते. प्रकाश विजेरीचा, आणि त्यात कळप क्षणभरही स्थिर उभा राहत नाही. हाका घालून रान उठवण्याची जुनी पद्धत तर या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण तीत जनावर धावतच समोर येते. दंडक प्रामाणिकपणे पाळला तर माळ्यावरच्या बहुतेक रात्री एकही बार न टाकता जातील. परवान्याच्या कागदावर मात्र याविषयी ओळही नसते.

घाईची किंमत कधी कधी माणसाच्या जिवाने मोजली जाते. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोर परिसराच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या ग्रामस्थांपैकी एकाने आपल्याच साथीदारास सावज समजून गोळी झाडली व तो मरण पावला. ती शिकार बेकायदा होती हे खरे. परंतु अंधारात हललेल्या झुडपावर नेम धरण्याची चूक परवानाधारकाकडूनही होऊ शकते.

बंदूक नको म्हणून लोक जे मार्ग पत्करतात, ते याहून क्रूर आहेत. तारेची फासकी डुकरासाठी लावली जाते आणि तीत बिबट्या अडकतो. कुंपणात चोरून सोडलेल्या विजेने शेतकरीच दगावल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. आमिषात दडवलेला गावठी बॉम्ब जबडा उडवतो, पण तत्काळ मारत नाही. केरळात मे २०२० मध्ये अशाच स्फोटक आमिषाने जखमी झालेली गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभ्या उभ्या मरण पावली, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. त्याच राज्याने २०२२ मध्ये रानडुकरांसंबंधीचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. तेथे काम परवानाधारक नेमबाजांच्या यादीतून करून घेतले जाते, आणि विष, स्फोटके व विजेचा वापर निषिद्ध आहे. प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः नेमबाज व्हावे ही अपेक्षाच त्यातून दूर होते. कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत, जेथे बंदुका थोड्या आणि वस्ती दाट, तेथे हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

बार लागल्यानंतरचे कामही कमी महत्त्वाचे नाही. जनावर उभे होते ती जागा लक्षात ठेवून प्रथम तेथील रक्त पाहावे लागते. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्ध्या तासाने माग काढला तर डुक्कर जवळच पडलेले सापडते. गडद, जांभळट रक्त यकृताचे. हिरवट घाण आणि उग्र वास आला तर गोळी पोटात गेली, असे समजून कित्येक तास थांबावे लागते. लगेच पाठलाग केला तर ते उठून आणखी दूर जाते. रात्रीच्या वेळी दाट झुडपात माग काढण्यास तर कोणीच एकट्याने जाऊ नये. वन कर्मचाऱ्यांना कळवून, उजाडल्यावर, चार माणसे मिळून शोध घ्यावा, आणि तोवर त्या बाजूला मोळीला किंवा कापणीला कोणी जाणार नाही असा निरोप वाडीत पोहोचवावा. सापडलेल्या जनावराचा पंचनामा वनपाल करतो.